आवक तपासणी

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
दाराजवळचं पहिलं टेबल माझं.
येणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्यासमोर बसते:
रेझिस्टरच्या फिती, बॅटऱ्या,
आणि नखाएवढ्या काळ्या चिपा,
आठ पायांच्या, नांग्या मोडलेल्या कुर्लीसारख्या.

आम्ही एक पिवळी डबी बनवतो.
होडी बुडू लागली की लाल बटण दाबायचं,
ती आकाशाला सांगते कुठे आहे ते.
आयुष्यात एकदा.
बहुतेकींना तेही नाही.

या खेपेच्या चार हजार.
भाव तीस टक्के कमी, कागद सगळे जागेवर,
शिक्के जरा जास्तच ठळक.
कंपनीचा अधिकृत विक्रेता चौदा आठवडे म्हणत होता.
हा म्हणाला, परवा.

आई मिरकरवाड्याच्या लिलावात उभी राहायची
तेव्हा सुरमईच्या डोळ्याकडे बघायचीच नाही.
कल्ला उचलून आत बोट फिरवायची,
बोट पदराला पुसायची.
एकदा पदर गुलाबी झाला.
ती काही बोलली नाही,
पदर तसाच त्याच्यासमोर धरला.

मी कापसाची काडी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवली.
चिपेच्या पाठीवर कंपनीचं नाव,
गेल्या वर्षाचा बेचाळिसावा आठवडा.
पुसलं हलक्या हाताने,
पोराच्या कानामागचा मळ काढावा तसं.
कापूस काळा झाला.
अक्षरांखालून दुसरी अक्षरं निघाली,
दुसरं साल. मी तेव्हा सातवीत होते.

भिंगाखाली पाय बघितले.
कुठेतरी एकदा रोवलेले, मग ओढून सरळ केलेले,
वर नवं कथील.
कुणाच्या तरी मेलेल्या टीव्हीतला बोर्ड
उघड्या आगीवर तापवून, आपटून
झाडलेल्या असणार.
झाडणारं एखादं पोरच असेल.
तो धूर अजून त्याच्या नाकात असेल.

खातूसाहेब म्हणाले, 'पण चालतायत ना?'
चालत होत्या. तेच तर.
करंट दिला की गुणी लेकरांसारख्या उत्तर देत होत्या.
मी म्हटलं, टेबलावर चालतायत.
टेबल भिजत नाही, हलत नाही,
टेबलाला शोधत कोणी येणार नाही.
ते पंखा बघत राहिले.
पंधरा तारखेला दीडशे डब्या द्यायच्या होत्या.
मग त्यांनीच पेन पुढे केलं.
नाकारले.
खाली सही, शमिका खडपे.

परत पाठवू नका, तो दुसऱ्याला विकेल.
भंगारात देऊ नका, तिथूनच तर आल्या.
दहा पिशवीत ठेवल्या, तारीख घालून.
बाकीच्या घेऊन शेडमागे जांभ्याच्या चिऱ्यावर
महादू वॉचमन आणि मी हातोडी मारत बसलो.
सहाशेनंतर मोजणं सोडलं.
चिरा लाल, त्यावर काळी भुकटी.

पण या टेबलावर मी दोनच वर्षं आहे.
जुनी वही उघडली तर त्याच विक्रेत्याचं नाव,
सहा वर्षांपूर्वी, एकच खेप,
एकशे बारा डब्या.
तेव्हा कापूस कोणी बुडवला नव्हता.

आता रविवारी वही घेऊन जेटीवर जाते.
एकेका होडीवर चढते, डबी उलटी करून नंबर बघते.
लतीफ तांडेल जाळं शिवता शिवता हसले,
'काय गो, शिरगणती काय?'
त्यांचा नंबर यादीत होता.
नवी दिली, तर जुनी सोडवेना त्यांना.
'पैसे मोजलेत. आणि एकदापण दाबली नाय,
कोरी आहे बघ.'

कोरी होती खरी.
बटणावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढला नव्हता.

एकाहत्तर सापडल्या. एक्केचाळीस राहिल्या.
काही मालवणला गेल्या म्हणतात, काही हर्णैला,
आणि एक होडी कोणाची होती
ते कोणालाच आठवत नाही.

पुढचा रविवार हर्णै.
एसटी पहाटे पाचला आहे.