पंधरा टक्के

लुनेनबर्गच्या चर्चचं तळघर. नोव्हेंबरचा शनिवार.
मुरवलेलं बीट, विणलेले हातमोजे, ब्लूबेरीचा जॅम,
आणि शेवटच्या टेबलावर, चहाच्या किटलीला लागून,
वर्ना बुटलीर
आपली सहा पुस्तकं मांडून बसलेली.

मी टोरांटोचा. बहिणीकडे आलो होतो.
लोक मला निवृत्त म्हणतात.
खरं तर आधी टेलिफोन निवृत्त झाला,
मग मी.

एकतीस वर्षं मी एका दारात बसलो.
दार माझं नव्हतं, आतलं घर तर नव्हतंच.
किल्लीही नव्हती खरी,
खिशात नुसता तिचा आवाज खुळखुळायचा,
तेवढ्यावर लोक उठून उभे राहत.
सोमवारी हस्तलिखितांची पोती,
शुक्रवारी त्यातली बहुतेक
साभार परत.

वर्ना फेरीबोटीवर तिकिटं फाडायची.
आता खून रचते. दीपगृहात, धुक्यात,
माशांच्या बर्फात पुरलेले खून.
मुखपृष्ठावर भाच्याने काढलेला ट्रॉलर, जरासा तिरका.
"मागणी आली की यंत्र एकच प्रत छापतं," ती सांगते,
"तव्यावरून थेट ताटात.
शिळं काही उरत नाही."
मला आमची गोदामं आठवली,
शिळ्या प्रतींचे ढीग, वर्षाअखेर लगदा.

"आणि लिहिता कधी?"
"पहाटे चार ते सहा.
मग दिवसभर मीच प्रकाशक, मीच हमाल,
चिकटपट्टी दाताने तोडणारी मीच,
रात्री किंमत पन्नास सेंटनी उतरवून
कोण घेतं का बघत बसणारीही मीच.
हे सगळं जमतं हो.
एकच जमत नाही.
स्वतःच्या पुस्तकाबद्दल लाज सोडून
चांगलं बोलायचं."

ते काम माझं होतं,
असं मी म्हणालो नाही.

पहिलं पुस्तक उचललं. सवयीने मधूनच उघडलं.
एक्केचाळीस पानावर 'मृतहेद'.
हात आपसूक वरच्या खिशात गेला,
पेन्सिल अजून तिथेच होती.
कुणी मागितलेली नसताना
दुरुस्ती करणाऱ्याला काय म्हणतात आता?
पेन्सिल तशीच राहू दिली.

मग मागे वळून पहिलं पान. अर्पण.

*टोरांटोच्या त्या माणसाला,
ज्याची सही मला वाचता आली नाही.
बाकीच्या बावीस जणांनी छापील चिठ्ठ्या धाडल्या.
याने खाली हाताने एक ओळ लिहिली होती:
बाई, तुमचं पुस्तक तिसऱ्या प्रकरणात सुरू होतं.*

किटली शिट्टी वाजवू लागली.
कुणीतरी ती उतरवली.
माझी सही कुणालाच वाचता येत नसे,
बँकेने दोनदा चेक परत केले होते त्यापायी.
पण ती ओळ मला आठवेना.
शुक्रवार असेल, ट्रेनची वेळ झाली असेल,
असं किती जणांच्या कागदांवर खरडलं,
आणि किती जणांच्या नाही.

पहिलं प्रकरण वाचलं, उभ्यानेच.
धुकं, भोंगा, जेट्टीवर एकच बूट.
हे तिसरंच होतं.
आधीची दोन तिने समुद्रात सोडून दिली होती.

"घेताय?" वर्नाने विचारलं.
"घेतो."
"नाव काय लिहू?"
मी बहिणीचं सांगितलं.

तिने सही केली. स्वच्छ, सुटी अक्षरं,
शाळेतल्या फळ्यावर असतात तशी.
मी वीसची नोट दिली.
पुस्तक सतराचं.
डब्यात चाचपून तिने परत दिलं
दोन डॉलरचं एक नाणं, एकाचं एक.

हिशेब मनातल्या मनात झाला,
इतक्या वर्षांची खोड.
चर्चच्या दानपेटीत टाकावेत असं जिन्यापाशी वाटलं.
नाही टाकले.
कोटाच्या खिशात घेऊन
बंदरापर्यंत चालत गेलो.
खुळखुळत होते.