चार मिनिटं बारा सेकंद

पिठाच्या डब्यावर साखरेचा डबा,
त्यावर आडवी लाकडी पट्टी,
पट्टीच्या टोकाला रबरबँडनं बांधलेला फोन, खाली तोंड करून.
असा माझा स्टुडिओ. खानापुरात,
स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, लाईट जायच्या आत.

फोनखाली वही.
मलपृष्ठावर कानडीत छापलेले पाढे, आत मराठी.
नववी अ, हजेरी क्रमांक एकवीस,
वैजनाथ मष्णू घाडी, आमगाव.
भात राखायला म्हणून पंधरा दिवस गैरहजर.
वही मात्र बसच्या कंडक्टरकडून पाठवलेली.
निबंध : मी अनुभवलेली रात्र.

लाल पेन यंदा मी कपाटात ठेवलं.
वीस वर्षं त्यानं वह्यांवर ओरखडे काढले
आणि मुलं खालचा आकडा बघून पान मिटत राहिली.
आता पान दिसतं, माझं बोट दिसतं,
आणि जो आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत
जाता जाता कोरडा पडतो
तो एकाच पोराच्या कानाशी जाऊन बसतो.

"वैजनाथ, सुरुवात चांगली जमलीय.
पहिल्याच ओळीत कंदील विझवलास, आवडलं.
पुढचं 'खूप अंधार होता' काढून टाक.
कंदील विझल्यावर आणखी काय असणार?
मिरचीचा धूर केलास ते झकास,
पण मिरचीतली पहिली वेलांटी ऱ्हस्व."

कुकरची शिट्टी. तीही आत गेली.
असू दे.

बोट खाली सरकतं.
चार खांबांचा माळा. घोरणारा बाप.
वाजवायचा पत्र्याचा डबा, हातातून निसटलेला.
आणि मग ही ओळ :
गवा माझ्याकडे बघूला.

बोट थांबलं.

सांगायचं होतं, 'बघत होता' असं लिही.
दहावीचे पेपर तपासणारे आमगावचे नसतात.
सांगायचं होतं, घरी बोलतो तसं वहीत लिहू नये.
मलाही हे सांगितलं होतं, चौथीत,
'जाऊलो' लिहिलं म्हणून,
अशाच एका पट्टीनं, उजव्या हातावर दोनदा.
मी मुलगी, 'जाऊलो' कसं लिहिलं होतं कोण जाणे.
बहुतेक भावाची वही बघून.

पण 'बघत होता' म्हटलं की गवा निघून जातो.
उजाडतं, बाप उठतो, भात कापून होतो.
'बघूला' मध्ये तो अजून उभा आहे
बांधावर, नाकातून वाफ सोडत,
आणि एक डोळा
माझ्या डब्यांच्या फटीतून वर लागलेला.

मग काय बोलले मी?
"ही ओळ... हं. राहू दे ही.
दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घाल,
म्हणजे वाचणाऱ्याला कळेल तू चुकला नाहीस.
शेवट घाईत झालाय. वात संपली होती काय?
समास सोड. तब्येत सांभाळ."

पाठवला. एक टिक.
आमगावात रेंज देवळामागच्या टेकडीवर येते,
तीही वारा असेल तशी.
बुध गेला. गुरू गेला.
रविवारी, बाजाराच्या वेळेला, दोन टिका, निळ्या.
म्हणजे बापाचा फोन इथंच आला होता,
माझ्या दारापासून तीन गल्ल्यांवर,
बटाट्याच्या ढिगाशेजारी उभा राहून
माझं बोट बघत होता.

मंगळवारी रात्री उत्तर आलं :
"मॅडम, बाबांनी बाजारात बघितला, मग घरात सगळ्यांनी.
आईनं शिट्ट्या मोजल्या, म्हणाली डाळ कच्ची राहिली असणार.
मिरची सुधारली. अंधार काढला.
एक विचारायचं होतं.
चार मिनिटं बारा सेकंदाला तुम्ही गप्प झालात.
नुसतं बोट दिसूलं.
फोन अडकला होता,
की तुम्हाला पण तो दिसला?"