लाल आकडा

वसमतला मोंढ्यामागं, हळदीच्या गोदामाला लागून
पत्र्याच्या एका खोलीत सात मुलं बसतात, आठवा मी.
त्यांची वयं सहा, सात, एक जण साडेआठ.
माझं सदुसष्ट.
पहिल्या दिवशी नुजहत टीचरनं विचारलं,
"नातवाला सोडायला आलाव का, काका?"
म्हणलं, नाही. माझंच नाव घाला.

चौतीस वर्षं मी वाचायचंच काम केलं.
काचेमागचे आकडे. जिन्याखाली, संडासाशेजारी,
कुत्रं बांधलेल्या दारात,
मान वाकडी करून, बॅटरी मारून.
कोणी पाणी विचारायचं, कोणी भांडायचं.
आकडा लिहिला की पुढचं घर.
शेवटचा लाल आकडा आम्ही धरत नव्हतो.
टिंबाच्या पुढचा. बिलात नसतो तो.

वडील जिनिंगवर मुनीम. निजामाच्या शाळेत चौथी शिकलेले,
हिशेब उर्दूत ठेवायचे, शिव्या मराठीत द्यायचे.
त्यांच्या वह्या पाच.
वाचून घ्यायच्या म्हणलं तर गल्लीत चार माणसं होती,
कोणीही एका चहावर वाचून दिल्या असत्या.
पण बापाचं पान दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकायचं,
हे नोकरीत असताना सुचलं,
आणि नोकरीत जे सुचतं
त्याला आपण रिटायरमेंटची तारीख देतो.
तारीख आली, गेली.
आधी थोरलीचं घर, मग माझा गुडघा,
मग शेवंताचा मोतीबिंदू.
नऊ वर्षं वह्या ट्रंकेत
आणि मी ट्रंकेवर.

आता अलिफ काढतो. उभी रेघ, ती जमते.
बे, पे, ते, से: होडी एकच,
टिंबं तेवढी वेगळी.
आणि सगळं उजवीकडून.
महिनाभर हात आपसूक डावीकडं जायचा
गोठ्याच्या वाटेला लागलेल्या बैलागत.
शेजारी मिस्बाह बसते, पुढचे दोन दात पडलेली.
माझं मनगट धरून ती म्हणाली,
"बाबा, जिथं तुमची ओळ सरती ना,
तिथून सुरू करायची."
मी बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसलो.

शेवंता हसायची, "आता या वयात मौलवी होता का?"
भावकीतल्या एकानं मात्र जरा वेगळ्या आवाजात विचारलं.
त्याला म्हणलं, आपल्या घरातलंच अक्षर आहे,
तुझ्या आज्याचं बी असंच होतं.
तो तंबाखू मळत राहिला.

आठव्या महिन्यात वही उघडली.
काहीच लागेना. टीचरकडं नेली, तीही अडली.
"काका, यांनी नुक्तेच दिले नाहीत हो."
सबंध वहीत टिंब नाही!
बे म्हणा, ते म्हणा, तुमचं तुम्ही ठरवा.
बोलायलाही ते असेच होते.
दोन तास बसून एक शब्द लागला: सरकी.
त्याला टिंब लागतच नाही, म्हणून लागला.
पुढं भाव असावा.
येताना मी अर्धा किलो जिलबी घेतली.

आणि त्याच संध्याकाळी, सायकल हातात धरून येताना
घड्याळाच्या दुकानावरच्या हिरव्या पाटीकडं मान गेली.
नून. वाव. रे.
थांबलो. मागून एक ऑटोवाला ओरडला.
नूर.
चौतीस वर्षं मी त्या पाटीखाली उभा राहून
बॅटरी मारत होतो.

पाच वह्या, आठ महिन्यांत एक शब्द.
हा हिशेब बसत नाही, मला कळतं.
पण मीटर मी जवळून बघितलंय.
काळे आकडे अंग धरून बसतात,
त्यांना ढकलावं लागतं.
लाल तेवढा सारखा फिरत असतो.

उद्या इमला आहे, म्हणजे शुद्धलेखन.
मिस्बाहनं बजावलंय,
तुमच्या बाबासारखं करू नका,
टिंबं द्या.