कातर लेकीकडे

एमायोगी गोठली आहे.
नावाचा अर्थ आई-नदी,
पण तार्तूत कुणी तो उलगडून सांगत नाही,
जसं आपल्याच आडनावाचा अर्थ कुणी सांगत बसत नाही.

रात्रीचे सव्वादोन. तळघरातली खोली.
लेइदा तामसालू चष्मा कपाळावर सरकवते,
सूक्ष्मदर्शकाला डोळे लावते.
काळोखात हिरवी वर्तुळं.
प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक मान,
यीस्टची आई आणि तिला फुटलेली कळी,
यांच्या मधली.

मानेभोवतीचं कडं केव्हाचं तयार आहे.
पण आवळत नाही.
बटव्याची नाडी बोटांत धरून
कुणी दाराकडे बघत उभं राहावं, तसं.

काय राहिलंय?
धाग्यांची जुडी. तिचं एक टोक
अजून आईतच घुटमळतंय.
आईच्या घरात एक प्रथिन पहाऱ्यावर असतं,
त्याला एकच शब्द येतो: थांबा.
कळीच्या घरात दुसरं,
त्यालाही एकच: या.
टोक उंबरा ओलांडून या दुसऱ्याच्या हाती लागलं
की निरोप सुटतो.
तरीही कुणीतरी पुन्हा एकदा वाकून बघतं,
एखाद्या गुणसूत्राचं शेपूट मानेत अडकलेलं नाही ना.
दार लावण्याआधी पोराची बोटं बघतात, तसं.

मग नाडी ओढली जाते.
लेइदा वहीत लिहिते: सहा मिनिटं.

भिंत उभी राहते.
पण भिंत झाली म्हणजे वेगळं निघालं, असं नव्हे.
ती विरघळवायचा रस फक्त लेकीकडे तयार होतो,
आईला तसा हुकूमच मिळत नाही.
कातर लेकीकडे.
आईकडे उरतो तो वण,
निळ्या रंगात बुडवला की चमकणारं एक वळं.
एका म्हातारीच्या अंगावर लेइदानं
एकदा एकोणीस वळी मोजली होती
आणि विसावं सापडेना म्हणून
उगाच बराच वेळ शोधत बसली होती.

फ्लास्क नंबर चौदा.
यातल्यांचं ते एक जनुक काढून टाकलंय.
हलवा, गढूळ होतात.
थांबा, पुन्हा गुच्छागुच्छानं तळाशी.
सगळ्या जिवंत, पोटं भरलेली,
भिंतीसुद्धा जागच्या जागी.
फक्त कुणी निघालेलं नाही.
"आळशी लेकी," विल्लेम म्हणाला होता दुपारी,
व्होरूचा पोरगा, पीएचडीचं दुसरं वर्ष.
सगळे हसले.
लेइदाला तेव्हा नेमकं
पिपेटचं टोक बदलायचं होतं.

ती छप्पन्न वर्षांची आहे.
बटाटा गल्लीतल्या लाकडी घरात
त्याच खिडकीशी तिची खाट आहे
जिथे ती शाळेत असताना होती.
आई, हेर्मिने, चौऱ्याऐंशी,
बर्चच्या ढलप्या अजून स्वतः मोजून चुलीत घालते.
खणात खाली उप्सालाहून आलेलं एक पत्र,
त्र्याण्णव सालचं: जागा आहे, एप्रिलपर्यंत कळवावे.

राहा, असं आई कधीच म्हणाली नाही.
हे लेइदा लोकांना सांगत नाही,
कारण लोकांना ते उलटं ठाऊक आहे
आणि ते तसं बरंच सोयीचं पडतं.
एप्रिल आला होता. नदीवरचा बर्फ फुटण्याचा आवाज
रात्रभर ऐकू येत होता.
भिंतीला तिनं हात लावून पाहिला होता.
पातळ होती.

पाच वाजता मोजणी संपते.
चौदा नंबर आता ब्लीचमध्ये ओतायचा,
वहीत फुली मारायची, हा नियम.
ती फुली मारते.
मग फ्लास्क दिव्यासमोर धरते,
तळाचा साका हळू हलवते,
दोन चमचे साखरेचं पाणी घालते
आणि परत ठेवते
हलत्या फळीवर,
मागच्या रांगेत,
जिथे सोमवारपर्यंत कुणी बघत नाही.