पावणेपाच

राजेश्वरी येमूल यांनी ते
जेकार्ड चादरीच्या चिंधीत बांधून आणलं.
"आजेसासऱ्यांचं. पुण्याचा एक जण लाख म्हणतो.
तुम्ही खरं सांगा, नदाफचाचा."

खरं सांगायचं तर आधी दुकानातला पंखा बंद करावा लागतो.

डोळ्याला भिंग. तबकडी मिन्याची,
सातच्या आकड्यापाशी केसाएवढी चीर;
ती चालते, वय आहे तिचं.
तासकाटा विस्तवावर निळा झालेला,
मिनिटकाटा नुसता रंगवलेला.
डबीवर एक नंबर, यंत्रावर दुसरा:
सोनं एकाचं, काळीज भलत्याचं.

मग कडेची खिट्टी ओढली.
चार टोले, जाड.
मग पावांचे जोडटोले:
टिंगटाँग, टिंगटाँग,
आणि तिसरा, उंबऱ्यात चप्पल काढत
रेंगाळल्यासारखा.

ते चार मोजतं आणि वर तीन पाव ठेवतं.
आपण पाचाकडे बघतो, म्हणतो पावणेपाच.
भावही आपण असाच काढतो,
पुऱ्यातून वजा करत.

"भोंगा झाला की ते खिट्टी ओढायचे,"
बाई सांगत होत्या, "भोंगा बरोबर आहे का बघायला.
मिल बंद पडली तरी
पहाटे उशीखाली वाजायचं."

यंत्र उचललं.
हातोडीमागची स्प्रिंग तिथली नव्हतीच.
मागाच्या फणीची पात,
घासून वाकवलेली, पाणी कमी दिलेलं.
झाकणाच्या आत ओरखडे:
दुरुस्ती करणारे खूण सोडतात.
दोन परक्या लिपीत.
तिसरी तिरकी, घाईची.
म. न. ७४.

एकोणीस वर्षांचा होतो.
मुंबईहून मागवली म्हणून सांगितलं,
अस्सल स्प्रिंगचे बावीस रुपये घेतले.
मास्तरांनी एकदाच वाजवून पाहिलं,
माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं,
आणि पैसे मोजून दिले.

"लाख नाही," मी म्हणालो. "साठ हजार.
डबीचे वीस गेले. काट्याचे पाच."

"आणि बाकीचे पंधरा?"

साखर पेठेतून एक रिक्षा गेली. मग दुसरी.

"ते माझ्याकडे निघतात."

त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.
त्यांनी घड्याळ हातात घेतलं, स्वतः खिट्टी ओढली.
बोलता बोलता पाच वाजून गेले होते.
पाच टोले, स्वच्छ.
पावांची पाळीच आली नाही.