गाळी इल्ल

एक टक्का.
नायट्रोजनची टाकी फुसफुसते, पेटीवरचा आकडा
उतरत उतरत एकावर थांबतो.
बाहेर टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलंय,
रिक्षावाले कन्नडात भांडतायत, शिव्या मराठीत.
आत बशीतल्या पेशी
हवा कमी पडली म्हणून मरत नाहीत.

त्यांच्याकडे एक चिठ्ठी असते, सारखी लिहायची
आणि हवा आहे तोवर
लिहिल्या लिहिल्या फाडायची. पाच मिनिटंही टिकत नाही.
हवा आटली की फाडणारा हात थांबतो.
चिठ्ठी पोचते गाभ्यात:
रक्त बोलवा. साखर अर्धीच जाळा. जागा सोडा.
दोन दिवसांत बशीतलं गुलाबी पाणी पिवळं, आंबट.

भरमाण्णामामाला हे सांगितलं खानापुरात,
विझल्या भट्टीशेजारी, विजेच्या अठराव्या शेकानंतर.
गळा भाजलेला, आवाज कौलावर नख ओढल्यासारखा.
त्याला कळायला माझ्याहून कमी वेळ लागला.
"म्हणजे भट्टीचं तोंड लिंपलं की.
तीच माती. हवा दिली तर तांबडी,
कोंडली तर काळी. आणि काळं भांडं
घट्ट असतंय बघ. पाझरत नाही."

पुढचं मी सांगितलं नाही.
की शेकातली वीज एकटीनं मारत नाही,
तिला प्राणवायू लागतो; तो गंजासारखा
पेशीच्या धाग्यांना धरतो, तेव्हा ते तुटतात.
की गाठीच्या मध्यावर, जिथं रक्ताची नळी पोचत नाही,
तिथं काहीजणी बसून असतात.
काळ्या. घट्ट.

मल्लव्वामामी पेज निववत होती.
"गाळी इल्ल," म्हणाली, पदरानं त्याला वारा घालत.
झाडाचं पान हलत नव्हतं, तेवढंच तिचं म्हणणं.
मामा माझ्याकडेच बघत होता.
"मग त्या पेशीचं चुकलं काय, रेणू?
जगायलाच शिकली की ती."

परतीच्या बसमध्ये उत्तर जुळवत आले:
शिकली हे नाही चुकलं. हवा परत आली तरी
कितीदा ती चिठ्ठी फाडतच नाही, ते.
देसूर मागं पडेपर्यंत हे पटत होतं.

टेबलावर त्यानं दिलेलं काळं बोळकं आहे,
मी त्यात मार्कर ठेवते.
एका बाजूला अंगठ्याएवढा तांबडा डाग;
लिंपण तिथं फुटलं असणार.
पहिल्या दिवशी मी तो
घाण समजून ओल्या कापसानं पुसत बसले होते.