तीनशे ते तीन हजार

चिलोएच्या पूर्वेकडच्या बेटांवर
त्या हिवाळ्यात मी फिरलो एक पेटी घेऊन.
पेटीत मीटर, सोल्डरची तार, सुक्या मोज्यांचा एक जोड
आणि सरकारी कागद : यापुढे प्रत्येक चॅनेल निम्मा.
पंचवीसच्या जागी साडेबारा.

दवाखान्यातल्या एर्सिराबाई म्हणाल्या,
"माझ्या नवऱ्याचा आवाज आटवलात तुम्ही.
धुरावर टांगलेल्या शिंपल्यांसारखा झालाय."

मी म्हटलं, बाई, मी फक्त लाटेचा हेलकावा कमी केला.
कातरलेला तर तो पहिल्यापासूनच होता.
तीनशेच्या खालचं काही जात नाही,
तीन हजारांच्या वरचं काही जात नाही.
छातीतला घुमारा उंबऱ्याशीच थांबतो,
'स'ची धार वर कुठेतरी छाटली जाते.
उरलेल्यातून कान माणूस उभा करतो.

त्या हसल्या. "शब्दाच्या शेवटचा 'स' इथे म्हणतं कोण?
तो आम्ही कधीच समुद्राला देऊन टाकला."

दुपारी धुकं उतरलं.
सेटचं झाकण उघडंच होतं, माझ्या हातात पक्कड,
आणि रोसामेलची होडी बोलू लागली :
पलीकडच्या बेटावरची म्हातारी, घामाघूम, बरळतेय,
साखर मोजली,
सेसेंता.
की सेतेंता?
साठ की सत्तर?
मधे एकच अक्षर, एकीकडे 'स', एकीकडे 'त',
आणि त्या दोघांतला फरक राहतो
नेमका माझ्या कात्रीच्या पलीकडे.

"परत सांग," बाई म्हणाल्या.
त्याने सांगितलं. परत तेच, खरखरीत गुंडाळलेलं.
"परत."

मग तो बोललाच नाही.
शीळ आली.
शीळ बारीक असते, मधल्या दारातून सबंध जाते,
तिचं काही कापावं लागत नाही.
एक. दोन. तीन.
बाईंची पेन्सिल वहीवर टेकलेली.
चार. पाच.
सहा.
सातवीची वाट आम्ही दोघांनी पाहिली.
ती आली नाही.

"साखरेचं पाणी पाज," बाई ओरडल्या, "थोडं थोडं, बसवून."

संध्याकाळी चुलीशी मोजे वाळत होते.
म्हातारी आतल्या खाटेवर झोपलेली,
रोसामेल धक्क्यावर दोर आवळत.
बाईंनी विचारलं, "तीनशेच्या खाली खरंच काही जात नाही?"

एक सूर जातो, मी म्हटलं.
अठ्ठ्याऐंशी पूर्णांक पाच. आपल्याला ऐकू येत नाही,
पण पलीकडचा सेट त्यानेच ओळखतो
की आपल्यातला कुणीतरी आहे, आणि दार उघडतो.

"तो बोलत नसला तरी?"

बटण दाबलेलं असेल तोवर.

त्यांनी किटली उतरवली, बराच वेळ हातातच धरली.
"तरीच," त्या म्हणाल्या,
"बोलणं संपल्यावर तो लगेच बोट उचलत नाही."

बॅटरी उतरते त्याने,
असं मी म्हणणार होतो.